खिडकीकडचा कान

तीस वर्षं ॲरिझोनाच्या उन्हात शाळेची बस चालवली आणि व्हर्नाबाईंचा खिडकीकडचा डावा कान त्वचेच्या कॅन्सरने नेला. कान कापायचे पैसे विमा कंपनीने दिले. नवा बसवायचे मात्र नाकारले. म्हणून बाई थेट कंपनीत जाऊन बसल्या.

"ऐकू तर येतंय ना, मॅडम? मग नवा कान म्हणजे नुसता नट्टापट्टा," तिथला तरुण साहेब म्हणाला. "केस वाढवा, कुणाला कळणारही नाही. आणि पॉलिसीत सगळं स्पष्ट लिहिलंय, जरा वाचत चला."

बाईंनी पर्समधून चष्मा काढून लावला. तो डावीकडे कलंडला आणि टेबलावर पडला.



"वाचते की, बाळा. सगळी वाचते, आत्ता, इथेच. तू फक्त खुर्ची जवळ ओढ आणि चष्म्याची ही डावी काडी धरून बस."