नाव मोठं हवं

वेंगुर्ल्यात मेल्रॉयने घरापुढे कॅमेरा बसवला. त्यात दिसणाऱ्या समुद्राचे व्हिडिओ तो गिऱ्हाइकांना पाठवणार होता, म्हणून त्यांवर लेकीच्या नावाची पट्टी हवी होती: 'सिया होमस्टे'.

"नाव वर घालूया. खाली रस्तो झाकतलो," कॅमेरेवाला बाबली म्हणाला.

"वर समुद्र आसा रे! खालीच घाल. माझ्या चेडवाचा नाव मोठा दिसाक व्हया."

मे महिन्यात दारासमोरच सियाला एका गाडीने चिरडलं आणि गाडी पळाली. पोलिसांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला.

"ही पट्टी काढ," हवालदार म्हणाला.

"ती चित्रातच छापली जाते, साहेब. आता निघत नाही," बाबली पुटपुटला.



जिथे गाडीचा नंबर दिसायला हवा होता, तिथे मोठ्या पांढऱ्या अक्षरांत सियाचं नाव होतं.