बोल्ट कुठे अडतो

“अडतो म्हणजे नेमका कुठे अडतो, आई?” एलोयने पुन्हा विचारलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर रायफल आडवी पडली होती. गेल्या रविवारी ह्याच टेबलावर बसून त्याने तिच्यावर नवी दुर्बीण चढवली होती, आईला वाढदिवसाची भेट म्हणून. आज आईने, डोमिंगाने, फोन करून त्याला बॉयसी शहरातून बोलावून घेतलं होतं. तुझ्या त्या नळकांड्याने बंदुकीचं वाटोळं केलं, बोल्ट ओढता येत नाही, आणि कोल्हे रोज मेंढ्यांपर्यंत येतायत. काढून टाक ते.

एलोयने बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा उजव्या अंगाचा दांडा, उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला. तेल प्यायल्यासारखा सरकला.

“चालतोय की!”

“तुझ्या हातात चालतो. तुझा बाप गेल्यापासून सगळं तुझ्याच हातात चालतं.”

दुर्बिणीचा पुढचा स्क्रू लांब असेल, आत बोल्टला घासत असेल, म्हणून त्याने तो काढून आखूड बसवला. दुर्बीण जराशी पुढे सरकवली. तेल मारलं. पुन्हा ओढला. पुन्हा सरकला.

“काढ म्हणते ना! तुझ्या आजोबांनी नुसत्या डोळ्यानं अस्वल पाडलं होतं.”

“काढतो. पण आधी दोष सापडू दे. मीच बसवलीय, काय चुकलं ते मला कळायला नको?”

दोष डोमिंगाला ठाऊक होता. उजव्या डोळ्यापुढे दोन वर्षं काळोख होता. तेव्हापासून ती बंदूक डाव्या खांद्याला लावायची आणि डावा हात वरून पलीकडे टाकून बोल्ट ओढायची. आता नेमकी तिथेच दुर्बीण आडवी आली होती. सांगायला जीभ काही अडखळत नव्हती तिची. पण सांगितलं की हा आधी ट्रकची किल्ली मागणार. किल्ली गेली की मेंढ्या विकणार. आणि मग बॉयसीत सुनेच्या मागच्या खोलीत, दुसऱ्याने लावलेला टीव्ही बघत मरणाची वाट बघायची. त्यापेक्षा बंदूक बिघडलेली बरी.

तिने कॉफीचा मग त्याच्यापुढे आदळला. एलोयची नजर तिच्या हातावर थांबली. बोटांच्या पेरांवरची सालं निघाली होती.

“हे काय?”

“कोंबडीनं चोच मारली.”

“डाव्या हाताला?”

“कोंबडीला काय कळतंय डावं-उजवं!”

एलोय हसला नाही. त्याने बोल्टकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे, मग पुन्हा तिच्या हाताकडे. फडक्याला हात पुसले आणि रायफल उचलून तिच्यापुढे धरली.

“घे. बोल्टचं राहू दे. नुसती खांद्याला लाव आणि खिडकीतून कुंपणाकडे बघ.”

तिने ती उजव्या खांद्याला लावली. उभा जन्म लावत आली होती तशी, ताठ, कोपर वर. गाल लाकडाला टेकला. डावा डोळा मिटला. उजव्यापुढे होता तोच काळोख.

“दिसतंय?”

“न दिसायला काय झालं? कुंपणाचा खांब दिसतोय. तारेवर कावळा बसलाय मेला. त्याची चोचसुद्धा दिसतेय.”

ती थांबली. मग तिलाच राहवेना.

“चांगली आहे हो दुर्बीण. उगाच नावं ठेवली मी. ठेव तशीच.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो टेबलाला वळसा घालून बंदुकीच्या अंगाला आला, तिला त्याच्या हातांच्या तेलाचा वास आला. मग दुर्बिणीच्या पुढच्या टोकाशी टप् असं काहीतरी वाजलं. तेल मारताना काच खराब होऊ नये म्हणून दुर्बिणीच्या तोंडाला लावलेलं झाकण त्याने आत्ता काढलं होतं.

“आणि आता, आई?”