खंडेनवमी

कालिंदीने पहिल्या विळ्याला हळद लावली, मग कुंकू. पात्याला तेल होतं, कुंकू ओघळलं.

शाळा कसली, डमडमच्या पुढच्या खेड्यातली एक झावळ्यांची झोपडी. बँकेतल्या नवऱ्याची कलकत्त्याला बदली झाली आणि कालिंदीने ती हिमतीवर सुरू केली. मुलांचे बाप जमीनदाराच्या शेतात राबणारे. त्यांची पोरं अक्षरं गिरवतात याचं तिला कोण कौतुक. आज खंडेनवमी. माहेरी या दिवशी पुस्तकांशेजारी हत्यारंही पुजत, म्हणून तिने सांगून ठेवलं होतं, बाबा ज्याने काम करतात ते घेऊन या. मुलांनी विळे आणले, कोयते आणले, एक कुऱ्हाडही आली. जमीनदाराच्या दारावरून, चांगली मिरवत.

"दीदीमणी, आमच्याकडे आज अशी पूजा नसते," शेफाली हळूच म्हणाली. "आई म्हणाली, विळा लगेच परत आण."

"आमच्याकडे असते गं. बस तू."

सत्तर साल होतं. शेजारच्या गावात नक्षलवाल्यांनी जमीनदाराचा मुनीम कापल्याचं कालिंदीने पेपरात वाचलं होतं. मारेकरी सापडले नव्हते. पण ते शेजारच्या गावात, असं म्हणून तिने पान उलटलं होतं.

बाहेर पोलिसांची जीप थांबली आणि गाव चिडीचूप झालं. दारोगा जोडे काढून आत आला. त्याने वाकून एका पात्याला बोट लावलं, लाल बोट रुमालाला पुसलं.

"कुंकू आहे," कालिंदी म्हणाली. "आमच्यात आज शस्त्रांची पूजा..."

"शस्त्रांची," दारोगाने मान हलवली. मग तो मुलांकडे वळून गोड हसला. "हुशार दिसता रे सगळे. कुठलं कुणाच्या घरचं, कोण सांगेल?"

भराभर हात वर झाले. शेफाली तेवढी खाली बघत राहिली.

गप्प बसा म्हणावं, तर तोच कबुलीजबाब झाला असता. विचारलं की लाजायचं नाही, उभं राहून नाव सांगायचं, आपल्याकडच्यासारखं बापाच्या नावासकट, हे तिनेच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. बंगालमध्ये असं कुणी सांगत नाही.

पहिला मुलगा ताठ उभा राहिला. विळ्याकडे बोट दाखवून त्याने खणखणीत आवाजात सांगितलं, "गोपाल निताई मंडल."

"शाबास," दारोगा म्हणाला. "पुढचा."