नदीखालचा बाजार

फोन लावायला सुचितानं मुद्दाम बाजाराचा दिवस धरला. पेरणीच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी, सौंसरला तिच्या नवऱ्याचं बियाण्याचं दुकान किती गच्च भरतं, हे तिला बँकॉकात बसूनही ठाऊक होतं.

ती बसली होती आभाळातल्या गाडीत. म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या. खाली रस्ता, रस्त्यावर मोटारींची मुंग्यांसारखी रांग, अन् ही गाडी घरांच्या छपरांवरून अशी चाललेली, जसं मांजर कौलांवरून जातं. शेजारी लेक अनुराधा. जावयाची बदली इथं झाली अन् लेकीनं आईला बोलावून घेतलं.

तिकडं दुकानात फोन उचलला शेजारच्या हिरामणनं. दुकानातला बाक त्याचा जन्मापासूनचा. त्यानं फोन कपाशीच्या पाकिटांच्या थप्पीला टेकवला अन् साऱ्यांना सांगितलं, वहिनी दिसून राहिली. शेतकऱ्यांची डोकी पुढं आली. त्या डोक्यांच्या मागं, गल्ल्यावर, तिचा नवरा, नत्थूजी.

हेच नत्थूजी बियाण्याच्या कंपनीच्या खर्चानं बँकॉक पाहून आले होते, अनुराधा शाळेत होती तेव्हा. कंपनीनं दुकानदारांना बायकोसकट बोलावलं होतं. नत्थूजींनी घरी सांगितलं, तिकडं बायकांना नेत नाहीत. दुकानात मात्र वेगळं सांगितलं, की हिले इथल्या जामसांवलीच्या बसमध्ये उलटी होते, विमानात काय डबा धरून बसू काय? दुकान हसलं. सुचिता तेव्हा पडद्यामागं चहा गाळत होती.

खरं काय ते पुढं पांढुर्ण्याच्या एका लग्नात कळलं. पंगतीत शेजारी बसलेल्या दुकानदारणीनं बँकॉकच्या बोटीतले फोटो दाखवले अन् विचारलं, सगळ्या आल्या होत्या, तुम्हीच काहून नाही आल्या वो? सुचितानं बुंदीचा लाडू अख्खाच्या अख्खा गिळला. तो लाडू आजवर खाली उतरला नव्हता.

नत्थूजींच्या गोष्टी तर दरवर्षी वाढत गेल्या. वरच्या गाडीत बाईला चढू देत नाहीत, म्हणे. नदीच्या बोटीत बसवत नाहीत, बोट कलते. निजलेल्या बुद्धाच्या मंदिरात बाईची सावली चालत नाही.

सुचितानं फोन डब्यात सावकाश फिरवला. शाळेच्या पोरी, फाइली घेतलेल्या बाया, एक म्हातारी मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन. मग तिनं बयाजवार, एकेक करून सांगितलं, की सकाळी बोटीनं गेलो, सरकारी बोट, आपल्या बससारखी, कोणीही चढा. बुद्धाच्या पायाशी डोकं टेकवलं. केवढे ते तळवे, त्यांच्या सावलीत बैलजोडी उभी राहील. माझीही सावली तिथंच पडली, कोणी काही बोललं नाही. अन् उलटी एकदाही झाली नाही.

दुकानात कोणी खोकलं. हिरामणनं मान वळवली.

"नत्थूजी, तुम्ही त म्हणे का बाईले चढूच देत नाही?"

नत्थूजींनी सांगितलं की तो तेव्हाचा नियम होता. आता बदलला असंल. मग आवाज मऊ करून विचारलं, परत कधी येतं वं? रोज काय हिरामणच्या घरी जेवाव काय?

याच प्रश्नासाठी तर ती थांबली होती.

"येतो न. सगळं पाहून झालं. एकच राहिलं, तो नदीखालचा बाजार."

दुकान एकदम चुळबुळलं. नत्थूजींच्या गोष्टीतला नदीखालचा बाजार सौंसर-बोरगावात कोणाला ठाऊक नाही? वर काचेचं छत, छतावरून मासे फिरतात, अन् हत्ती सोंडेत तराजू धरून केळी मोजून देतो. हे ऐकता ऐकता शेतकरी एका पाकिटाच्या जागी दोन घेऊन जात. हिरामणला तर त्या हत्तीचं नावही पाठ होतं.

"कोणत्या बसनं जा लागते, तेवढं सांगा," सुचिता म्हणाली. "अनुराधानं साऱ्या बस धुंडाळल्या, कोणाले सांगता येत नाही. अन् तो पाहिल्याबिगर मी काही येत नाही."

नत्थूजी म्हणाले, राहू दे, खूप दूर आहे तो.

"दूर असू द्या. इथं सगळीकडं गाडी जाते."

आता सारं दुकान नत्थूजींकडं पाहू लागलं. हिरामणनं तर सांगूनच टाकलं, का बाप्पा, सांगून द्या वहिनीले, तिथपर्यंत गेली अन् हत्तीच पाहिला नाही तर काय पाहिलं?

नत्थूजींनी थप्पीवरचा फोन उचलला. पडद्यावर त्यांचं तोंड मोठं झालं, मग नुसत्या मिशा दिसू लागल्या. मिशांतून बारीक आवाज आला.

"नाही वं तसा बाजार."

गाडी स्टेशनात येऊन उभी राहिली होती. दारं उघडली. डबा इतका शांत होता की म्हातारीच्या मांडीवरची कोथिंबीर सुद्धा सळसळलेली ऐकू आली असती. अनुराधा उठून म्हणाली, आई, चल, आपलं स्टेशन.

सुचितानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. फोन तोंडाजवळ नेला.

"ऐकू नाही आलं जी. गाडीचा लय आवाज हाये. फोन हिरामणभाऊजवळ द्या, अन् जरा जोरानं बोला."

दारं मिटली. त्यांचं स्टेशन मागं सरकू लागलं. तिकडं सौंसरला फोन या हातातून त्या हातात गेला, अन् भरल्या दुकानात नत्थूजी गल्ल्यामागून उठून उभे राहिले.