बुरुजावरचा झेंडा

"हा मुकुट देवानं दिलाय, काढून घेईल तोही देवच!" ड्यूक लेबरेख्त गरजले आणि राज्यत्यागावर सही करण्यासाठी चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावरच होता. कालपर्यंत त्यांच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या आणि आज क्रांतीचा पुढारी झालेल्या क्रोपने तो अदबीने खाली ओढून दिला. बर्लिनच्या खुद्द कैसरांनी गाशा गुंडाळल्यावर या तीन गावांच्या राज्याला कोण विचारतो! सही झाली.

"झेंडा उतरवतो, महाराज."

"आता कसला महाराज?"

"जिभेला सवय, महाराज."

"झेंडा मात्र राहू दे."

"अख्खं राज्य सोडलंत आणि फडक्यासाठी अडलात?"

ड्यूक खुर्चीत बसले. "मी वाड्यात असलो की झेंडा वर असतो, क्रोप. बायको अंथरुणाला खिळलीय, तिला खिडकीतून तेवढाच दिसतो. पोरगा लढाईवरून परतला नाही तेव्हापासून झेंडा खाली दिसला की तिला वाटतं, मीही गेलो. मग घास घशाखाली उतरत नाही तिच्या."

क्रोपने दंडावरची लाल फीत उगाच सारखी केली.

"कायमचा ठेव म्हणत नाही रे," ड्यूक म्हणाले. "तिचं सूप तेवढं पिऊन होऊ दे."