बोलता येईल इतका वेग

दोन टोकांना गाठी मारलेला सुती रुमाल.

द्राक्षाचे क्रेट भरलेला टेम्पो, पहाटेच्या गंगापूर रोडवर, दिवे न लावता.

बुटांचा दुकानदार : "मॅडम, चालायलाच ना?"

गतिरोधक. खांब. झोपलेलं कुत्रं. खांब.

दीपकची पुण्याला बदली.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात आधी घडली. दीपक गेला आणि ललितचा धावण्यातला जोडीदार गेला. बँकेत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी चैताली बोलून गेली, "मी येऊ का सकाळी?" शाळा सुटल्यापासून ती फक्त बसच्या मागे धावली होती.

"या की ताई," ललित म्हणाला. "बस सापडायची का पण?"

"कधीतरी."

"मग बघू."

ललितचं धावणं बघत राहावं असं होतं. खांदे सैल, मान ताठ, पाय रस्त्याला टेकतात न टेकतात. समोरून येणारी माणसं थबकायची. चैतालीचा पाय मात्र धप्पकन पडायचा.

"टाच आपटू नका. डावी जास्त आपटते," तो मान न वळवता सांगायचा. "लहान पावलं. भरभर."

"भरभरच टाकतेय."

"ताई, तुम्ही धावताय की मेथी निवडताय?"

रोहिणीच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये नव्या माणसाला पहिला नियम एकच सांगत : बोलत राहायचं. ललितही त्यावर अडून बसला. "बोलता येतंय तोवर वेग आपला. तोंड बंद झालं की वेग उसना."

"पण बोलू काय?"

"दिसेल ते."

मग चैताली दिसेल ते बोलू लागली. गतिरोधक आला. वड्याची गाडी अजून बंद आहे. समोरून दूधवाला, उलट्या बाजूने, आणि वर आपल्यालाच हॉर्न देतोय.

"नाशिककर," ललित म्हणाला.

महिनाभराने त्याने खांबांचा सराव काढला. दोन खांब जोरात, दोन खांब सावकाश. "खांब तुम्ही सांगा. मी नुसता धावतो."

"छान वाटून घेतलीस कामं."

जानेवारीत शहरातली शर्यत होती. दहा किलोमीटर तासाच्या आत धावला, तर ललितची त्याच्या गटातून राज्य स्पर्धेसाठी निवड होणार होती. मागच्या वर्षी दीपकबरोबर ती थोडक्यात हुकली होती. तेव्हापासून बँकेत कुणी शर्यतीचा विषय काढला, की ललित चहा प्यायला उठायचा.

दिवाळीनंतर रोहिणीने चैतालीला बाजूला घेतलं. "राग मानू नका ताई. तो तुमच्या खूप पुढचा आहे. त्याच्यासाठी दुसरं कुणी शोधू का?"

"त्याला विचार."

ललित बुटाची नाडी बांधत होता. त्याने ऐकलं होतं. "ताईंबरोबरच धावणार. जमलं तर दोघांचं, हुकलं तर दोघांचं."

तो तिला सोडून पुढे जाणार नव्हता. चैतालीला त्याचंच ओझं वाटायचं. ती रविवारी पांडवलेणीचा चढ चढू लागली. भाकरी थापताना टाचा उचलून उभी राहू लागली. नवरा म्हणाला, "आता स्वयंपाकघरातही शर्यत का?" ती म्हणाली, "भाकरी हवी ना वेळेत?"

एका पहाटे तो टेम्पो अंगावरच आला असता. चैतालीने ललितचा दंड धरून ओढलं आणि दोघं दुभाजकावर आदळले.

"आज गप्प होतात," ललित गुडघा चोळत म्हणाला.

"धाप लागली होती."

"म्हणजे वेग उसना होता."

चिडावं की हसावं, तिला कळेना. दुसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळी कोपऱ्यावर उभा होता. गुडघ्याला पट्टी, हातात रुमाल, जणू काही झालंच नव्हतं. असा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून तिने वेग आधी स्वतःच्या आवाजात भरला. वाक्य तुटलं की पावलं आवरायची, वाक्य जुळलं की सोडायची. नाताळापर्यंत ललितच्या वेगाने धावताना तिची वाक्यं पूर्ण होऊ लागली.

शर्यतीच्या दिवशी थंडीने बोटं आखडली होती. पहिले सात किलोमीटर ती अखंड बोलली. आठव्याला चढ लागला आणि तिचा आवाज गेला.

ललितची पावलं लगेच मंदावली.

"बोला ताई."

तिने मान हलवली.

"मग मी थांबतो."

तो खरंच थांबेल, हे तिला माहीत होतं. मागून माणसं पुढे जात होती. चैतालीने सगळी छाती रिकामी केली, नाकाने श्वास ओढला आणि म्हणाली, "सरळ आहे. मैदानापर्यंत सगळं सरळ आहे. सूट."

तो सुटला. तीही सुटली. मैदानातल्या शेवटच्या वळणावर पहिल्यांदाच तिच्या पायात त्याच्याहून जास्त जोर होता. गर्दीतून कुणी ओरडलं, "ताई, काढा पुढे." रेघ चार पावलांवर आली आणि चैतालीने एक पाऊल मागे घेतलं. ललितची छाती आधी पार झाली.

त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने वेळ सांगितली. तासाला थोडी कमी. ललित तिथेच खाली बसला आणि त्याने दोन्ही हात जमिनीवर टेकवले. चैताली त्याच्या बाजूला उकिडवी बसली, रुमालाचं दुसरं टोक अजून तिच्या मुठीत होतं. आता दोघांनाही बोलता येत नव्हतं.

ग्रुपमध्ये नुकताच आलेला हर्षल दोरीपाशी उभा होता. "ताईंनी पाय का मागे घेतला? जिंकल्या असत्या की त्याला."

रोहिणी डोळे पुसत होती. "जोडीदाराने आधी रेघ ओलांडली, तर निकाल बाद होतो."

अंगावर गोवर निघाला आणि ललितची दृष्टी कायमची गेली, तेव्हा तो तिसरीत होता.