उजव्या हाताची मूठ

बाबांनी तिसरं एअर पिस्तूल उचललं, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि भिंतीवरच्या कागदी चकतीवर नेम धरला. पिस्तूल घ्यायचं होतं मुलीसाठी. ती बाजूच्या स्टुलावर बसून होती.

अर्धा तास बाबांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. प्लॅस्टिकची मूठ नको, घामानं निसटते. अक्रोडाचं लाकूड घाम पितं. हवेची टाकी अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी, हलकी असते, पण पुढे थोडं वजन हवंच, नाहीतर हात तरंगतो. दुकानदार मुरलेला होता. प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. तळहाताखालचा टेकू वरखाली कसा होतो, तेही त्यानं बाबांनाच दाखवलं.

शेवटी अक्रोडाची मूठ ठरली. ती हाताच्या मापानं मागवावी लागते, म्हणून दुकानदारानं कोरा कागद पसरला, पेन्सिल घेतली आणि पहिल्यांदाच मुलीकडे बघून तो म्हणाला, हात ठेवा. तिनं डावा ठेवला.

"उजवा," बाबा म्हणाले.

लिहिणं, दात घासणं, भावावर हात उगारणं, सगळं ती डाव्या हातानं करायची. नेमबाजी तेवढी उजव्यानं. कारण घरात पिस्तूल एकच, बाबांचं, आणि त्याची मूठ उजव्या पंजासाठी कोरलेली. डाव्या हातात ती बसायचीच नाही. सात वर्षं तिनं नेमाच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर कागद चिकटवून आपला चांगला डोळा झाकला होता. स्पर्धेत दरवेळी थोडक्यात हुकायचं आणि बाबा म्हणायचे, तू मन लावत नाहीस. तिला ते खरं वाटायचं. त्याचाच आता तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

"डाव्या हाताचीही मिळते की," दुकानदार म्हणाला. कपाटातून नमुन्याची एक मूठ काढून त्यानं पिस्तुलाला लावून दिली.

ती उभी राहिली. उजवा डोळा मिटला, डावा हात उचलला. नळीचं टोक चकतीच्या जरा खाली, नेम धरतात तिथेच, जाऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. दुकानदारानं ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं; जन्मभर नेम धरलेल्या माणसाला ते दिसलं नाही असं होणंच शक्य नव्हतं.

तिनं पिस्तूल अलगद खाली ठेवलं. बाबांनी चूक कबूल करावी असंही तिचं म्हणणं नव्हतं. त्यांनी नुसतं ‘डावा’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"उजव्याचीच मागवा," बाबा दुकानदाराला म्हणाले. "सात वर्षांची मेहनत पाण्यात जाऊ द्यायची का?"

"मग माप त्यांच्याच हाताचं घ्या," ती म्हणाली. "नेमही त्यांनाच धरायचाय."

दुकानदार थट्टा समजून हसला आणि त्यानं कागद बाबांकडे सरकवला. ती दार ढकलून बाहेर पडली. रस्त्यावरून काचेतून तिला दिसलं, बाबांनी उजवा हात कागदावर ठेवला होता आणि बोटं नीट फाकवली होती.